मानस

आमच्या जुव्यात मानस म्हणजे मन नव्हे.
मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार,
नदी आणि शेत यांच्या मधोमध,
माट्टीच्या फळ्यांचं, शेवाळानं काळवंडलेलं.
त्याला कडी नाही, कुलूप नाही.
भरतीचं खारं पाणी बाहेरून रेटतं
आणि ते आपसूक मिटतं.
ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलतं
आणि ते उघडतं.
एवढंच त्याचं काम.
दिवसातून दोनदा, रविवारीसुद्धा.

आगुश्तीननं मला ते लग्नाच्या तिसऱ्या दिवशी दाखवलं,
बांधावर नेऊन, कोणी शहर दाखवावं तसं.
मी डोंगराकडची, केप्याची.
नदी एकाच दिशेला जाते, अशी माझी समजूत.

तो मिसेला क्वचित यायचा.
पाद्री विचारायचे, मी सांगायची, पाण्याची वेळ होती.
पाण्याची वेळ नेमकी उपदेशालाच कशी येते,
हे त्यांनी एकदा विचारलं.
मग त्यानं पाठवलेली काळुंद्रं खाल्ली
आणि पुन्हा विचारलं नाही.

तो गेल्यावर दार माझ्याकडे आलं.
घर, दोन कोंबड्या, आणि दार.

मोंती फेस्ताच्या नवेनाचा सहावा दिवस.
पोरं टोपल्यांत फुलं घेऊन इगर्जीत जाऊन आलेली,
शेतात भाताला नुकतं दूध धरलेलं,
आणि रात्री उधाण.
कुंपणापलीकडून हाक आली,
"आगे, पाणी शिरतंय!"
पिएदाद. माझी नणंद.
तीन वर्षांत तिनं मला मारलेली पहिली हाक.

तिनं बॅटरी धरली, मी उतरले.
छातीपर्यंत पाणी, पायाखाली गाळ,
कोळंबी पोटऱ्यांवर आपटत होती.
मी सायबिणीचं नाव घेतलं, मग आगुश्तीनचं,
मग कोणाचंच नाही; नुसतं चाचपत राहिले
दाराच्या खालच्या फटीत.
हाताला लागली
एक करवंटी.
अर्धी. कोणीतरी किसून टाकलेली.
ती ओढली, तसं दार मिटलं.
मी मिटलं नाही. नदीनंच मिटलं.

वर आले, थरथरत बसले, करवंटी मांडीवर.
आणि तेव्हा आठवलं ते वाक्य,
मयताच्या दिवशी पिएदादनं म्हटलेलं,
"दादाला शेवटी पेज तरी नीट दिलीस का?"
करवंटीएवढंच वाक्य.
त्याच्यामुळे तीन वर्षं माझं दार अर्धं उघडं,
खारं पाणी आत,
आणि मी रोज तेर्स म्हणत देवाकडे मागत होते
गोड पाणी, गोड पाणी.

देवा, तू मला रागावला नाहीस.
तू नदीसारखा नुसता रेटत होतास.
तुला अडवायला माझ्याकडे
फार मोठं पाप लागलंच नाही.

पिएदादला यातलं मी काहीच सांगितलं नाही.
ती म्हणाली, "उठ, ताप येईल."
मी उठले.

मानसाजवळच्या चार ओळी पिवळ्या पडल्या.
त्या पुन्हा हिरव्या झाल्या नाहीत,
प्रार्थनेनंही नाही. मीठ ते मीठ.
बाकीच्या शेतातली कणसं फेस्ताला इगर्जीत गेली,
पाद्रींनी पाणी शिंपडलं, पोरांनी फुलं उधळली,
आणि पिएदाद परसातली भेंडी घेऊन दारात आली.
सात धारांची, आमच्या गावची.
"जून आहेत," मी म्हटलं.
"तू तरी कुठं कोवळी आहेस?" ती म्हणाली,
आणि आत येऊन बसली, विळीजवळ,
जणू कालच उठून गेली होती.

आता रोज आमोरीची घंटा झाली की बांधावर जाते.
खंड्या खांबावर असतो, कधी नसतो.
दाराला मी हात लावत नाही,
ते त्याचं त्याला कळतं.
फक्त बांबूनं खालची फट
एकदा चाचपून बघते.